चांगली खूण

माणसाच्या गुडघ्यावर पाना बसला की कसा आवाज येतो, ते मला त्या दुपारी कळलं. ट्रकची चाकं खोलण्यात माझी हयात गेली, पण असा आवाज कधी ऐकला नव्हता. आणि खरं सांगते, ऐकून बरं वाटलं.

सुरुवात त्याने केली. तो म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, आमचे लाडके जावईबापू. त्यांची एकुलती पोर, आमची ढब्बू, आत वॉर्डात पडलेली. रक्ताचा कॅन्सर, तोही झपाट्याने वाढणारा. ढब्बू हे नाव तिच्या गालांवरून मीच ठेवलेलं. आता गाल कुठले, नुसती हाडं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "रोगाच्या पेशींमध्ये कुठला जनुकीय बदल आहे, ते तपासायला पाठवलंय. काही बदल चांगली खूण असतात, काही वाईट. पोर औषधाला कशी साथ देईल, याचा अंदाज त्यावरून येतो." तेव्हापासून धाकटीने देव पाण्यात घालून ठेवले होते. घशाखाली घास उतरत नव्हता तिच्या.

मी टायरच्या दुकानातून तशीच आले होते, हात काळे, पाना पिशवीत. धाकटी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेली. तो आईशी फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होता. लॅबचा रिपोर्ट त्याच्याच फोनवर आला होता. वरची ओळ होती, 'जनुकीय बदल आढळला'. बस्स, तेवढंच त्याने आईला वाचून दाखवलं आणि म्हातारीने कान फुंकले. तिचा आवाज असा की फोनची गरजच नाही, मलासुद्धा ऐकू आलं. "अरे, जनुक म्हणजे आईबापाकडून येतं ते. आपल्यात कुणाला आहे असलं काही? तिच्याच घराण्यातली घाण ही!"

त्याने फोन खिशात ठेवला, धाकटीसमोर आला आणि एक शब्द न बोलता तिच्या डाव्या कानाखाली आवाज काढला. ती उठायला गेली, तर पुन्हा तिथेच, या वेळी मुठीने. तिचं डोकं भिंतीवरच्या लोखंडी पेटीवर आपटलं. "माझ्या पोरीच्या रक्तात विष कालवलंस!" असं ओरडत तो तिला केसांना धरून खाली ओढत होता. कानातून रक्ताचा ओघळ मानेवर आला, तरी ती हूं की चूं करेना. त्याचं म्हणणं तिला पटलं होतं. ते मला तिच्या तोंडावर दिसलं आणि माझं टाळकंच सटकलं.

पहिला घाव गुडघ्यावर. तो वाकला तसा दुसरा खांद्यावर. पण गडी आडदांड. त्याने माझा गळा धरून मला भिंतीवर रेटलं, डोळ्यांसमोर काजवे चमकले. मी त्याचा अंगठा हाडापर्यंत चावला. त्याने माझ्या पोटात गुडघा घातला, मी त्याच्या तोंडावर डोकं हाणलं. एक दात फरशीवर घरंगळत गेला. "घराणं काढतोस मेल्या? ये, तुला घराणं दाखवते!" वॉचमन मध्ये पडला, तर त्या बिचाऱ्यालाही सुक्याबरोबर ओलं म्हणून दोन बसल्या.

"बंद करा!" डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. "आत पोरं तापाने फणफणलीत आणि तुम्ही इथे कसाईखाना मांडलाय?"

"हिच्यामुळे झालंय सगळं," तो रक्त थुंकत म्हणाला. "रिपोर्टातच लिहिलंय."

बाईंनी धाकटीच्या मानेकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला. "कुणी सांगितलं तुम्हाला? हा बदल आईकडून आलेला नाही, बापाकडूनही नाही. पोरीच्या हाडांतल्या मज्जेतली एक पेशी बिघडली. तिच्या सोळाव्या गुणसूत्राचा तुकडा तुटून उलटा बसला. त्या एकीची पिलावळ म्हणजे हा रोग. यात दोष कुणाचाच नाही."

त्याने खिशातून फोन काढून रिपोर्ट पुन्हा उघडला.

"आणि खालचं वाचलंच नाहीत तुम्ही. हा उलटा तुकडा ही चांगली खूण आहे. असा बदल असलेली पुष्कळ मुलं औषधांनी बरी होतात. खात्री मी कुणालाच देत नाही, पण हाच रिपोर्ट यावा म्हणून मीही वाट बघत होते."

पाना माझ्या हातातून गळून पडला. जिच्यासाठी धाकटीने डोळ्यांत प्राण आणले होते, तीच बातमी आली होती. आणि त्याच बातमीपायी तिने मार खाल्ला होता.

ती मात्र भेदरून आमच्या तोंडांकडे बघत होती. "ताई, काय म्हणाल्या बाई? वाईट आहे का गं? कानात नुसतं घों घों होतंय."

मी तिच्या उजव्या कानाला तोंड लावून ओरडले, "चांगली खूण आहे! आपली ढब्बू बरी होईल, अशी खूण आहे!"

"माझ्यामुळे नाही ना झालं?"

"नाही गं माझे बाई, नाही!"

मग ती जी रडली! मार खाताना आलं नव्हतं, ते सगळं रडू बाहेर पडलं.

तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटला, तो कान गेला तो गेलाच. ढब्बूची औषधं चालू आहेत, रोग हटतोय, गाल पुन्हा भरायला लागलेत. तो रोज संध्याकाळी लंगडत येतो, हात जोडतो, "चुकलो, माफ कर," म्हणतो. धाकटी पोरीच्या खाटेवर त्याच्याकडे डावा कान करून बसते.

काल ढब्बूने विचारलं, "आई, बाबा काय म्हणतायत?"

"कोण जाणे बाई," धाकटी तिचे पाय चेपत म्हणाली, "मला त्या बाजूने ऐकू येत नाही."