भोंपूचा चेहरा

मित्रांनो, खिडकीखालच्या टेबलावर उशीचा जुना अभ्रा पांघरून बसलेलं हे चपटं यंत्र म्हणजे मी, एक जुना स्कॅनर. माझ्या पोटात काच आहे आणि काचेखाली सरकणारा दिवा आहे. आणखी एक दिवा माझ्या झाकणात आहे. साध्या स्कॅनरांना तो नसतो. जुन्या कॅमेऱ्यांतून निघालेली निगेटिव्हची पट्टी काचेवर ठेवली की हा दिवा वरून उजेड सोडतो. निगेटिव्हमध्ये माणसांचे केस पांढरे आणि दात काळे असतात. ते सारं सुलटं करून कॉम्प्युटरच्या पडद्यावर दाखवणं हे माझं काम.

कारखान्यातून निघालो तो थेट एका फोटोवाल्याच्या दुकानात आलो. त्याने मला फुलासारखं जपलं. रोज सकाळी मऊ फडक्याने काच पुसायचा, रबरी फुग्याने धूळ उडवायचा. लोक बारशाच्या, लग्नाच्या, सहलीच्या निगेटिव्ह घेऊन यायचे. माझ्यातून निघालेले फोटो बघून ते हरखले की तो माझ्या झाकणावर थाप मारायचा. मग प्रत्येकाच्या खिशात फोनचा कॅमेरा आला. दुकानाचं शटर एकदा खाली आलं ते पुन्हा वर गेलं नाही. मोडक्या स्टँडांच्या ढिगाखाली मी किती दिवस पडून होतो, कुणास ठाऊक. तिथून मला विकत घेतलं ते धाकटीने.

या घरात ती एकुलती एक. तरी आई, बाबा, शेजारीपाजारी सगळे तिला धाकटीच म्हणतात. तिच्या आधी एक मुलगा होता. बाबा बस चालवायचे, म्हणून तो दिवसभर तोंडाने हॉर्न वाजवत घरभर धावायचा. त्यामुळे त्याचं नाव पडलं भोंपू. चार वर्षांचा असताना तो तापाने गेला. बाबा तेव्हा लांबच्या गाडीवर होते. परत आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांनी घरातले भोंपूचे सगळे फोटो आणि निगेटिव्ह गोळा केल्या, पत्र्याच्या पेटीत भरल्या आणि पेटी न्हाणीघरावरच्या माळ्यावर टाकली. आईने पेटीचा विषय काढला की ते ताटावरून उठायचे. हळूहळू तिने विषय काढणं सोडलं. धाकटी त्यानंतर जन्मली. तिने भावाला कधी फोटोतही पाहिलं नव्हतं.

पुढे माळ्याच्या भिंतीतून पाणी झिरपायला लागलं. गवंड्याने पेटी खाली आणून ठेवली, आणि या वेळी बाबा काही बोलले नाहीत. ते आता निवृत्त झाले होते, थकलेही होते.

पेटी माझ्याशेजारीच उघडली गेली. कुबट वासाने खोली भरली. फोटो एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. धाकटीने एक कोपरा सोडवायला पाहिला, तर रंगाचा पापुद्राच हातात आला. आईने तिचा हात धरला.

"राहू दे. फाडू नकोस."

"निगेटिव्ह आहेत ना आई. त्यांतून काढू आपण सगळे. तू रडू नकोस बघू."

निगेटिव्ह कागदाच्या पाकिटांत होत्या. काही कागदाला चिकटल्या होत्या, काही सुट्या निघाल्या. धाकटीने सुती हातमोजे घातले, एकेक पट्टी चौकटीत बसवली आणि माझं झाकण लावलं. मी दिवा सरकवला.

मित्रांनो, बुरशी काय करते ते मी दुकानात पाहिलं होतं. फिल्मवर जो पातळ थर असतो, ज्यात चित्र असतं, तोच ती खाते. पडद्यावर अंगण आलं. आईचं शिवणाचं मशीन आलं. काळ्याभोर मिशांचे तरुण बाबा आले. बसच्या पायरीवर उभा असलेला भोंपू आला, पण त्याच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत मुळ्यांसारखी पांढरी जाळी पसरली होती. पुढच्या पट्टीत त्याने मान हलवली होती, म्हणून तोंडाच्या जागी नुसता फराटा होता. एकात तो बसच्या स्टिअरिंगशी पाठमोरा बसला होता. कान, मानेवरचे केस, स्टिअरिंगवरची बोटं, सगळं लख्ख दिसत होतं.

आई त्या कानापाशी थांबली. "हा बघ. हाच कान मी चावायचे. मग असा किंचाळायचा!" ती हसली. पुष्कळ वेळ ती तो एवढासा कान बघत बसली.

बाबा दारात उभे होते. आत आले नाहीत.

"एकातही चेहरा नाही?" त्यांनी विचारलं.

धाकटीने शेवटची पट्टी पुन्हा पाकिटात घातली. पेटी माळ्यावर कुणी टाकली, हे कुणी बोललं नाही.

"कॉम्प्युटरवर दुरुस्त करता येतं म्हणतात," बाबा म्हणाले. "धाकटे, बघ ना काही जमतंय का. एवढं कर माझ्यासाठी."

धाकटी कामाला लागली. तिने स्वतःचे लहानपणचे फोटो माझ्या काचेवर ठेवले. बाबांच्या तरुणपणीच्या फोटोतले डोळे घेतले, आईची हनुवटी घेतली. उरलेलं कॉम्प्युटरने भरून काढलं. पायरीवरच्या त्या जाळीच्या जागी एक गोड, हसरा मुलगा उमटला. असा मुलगा माझ्या काचेवर कधीच आला नव्हता. तिने तो मोठा करून छापून आणला आणि चौकटीत बसवला.

बाबांनी चौकट दोन्ही हातांनी धरली. "असाच होता गं. अगदी असाच!" म्हणत ते हमसून हमसून रडले. इतक्या वर्षांत त्यांना रडताना आईनेही पाहिलं नव्हतं.

आई मात्र चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत राहिली.

"कोण हा?"

"आई, भोंपू आहे."

"नाही. हा गोरा-गोमटा कुणीतरी आहे. माझा नाही."

"तूही ना! तुला काही पटतच नाही," बाबा चिडले. "मी सांगतो ना, असाच होता."

"तुम्हाला काय आठवणार? तुम्ही घरी कधी असायचात?"

बोलून गेल्यावर तिने ओठ घट्ट मिटले, पण बाण सुटला होता. बाबा उठले. त्यांनी स्वतःच्या हाताने बाहेरच्या खोलीत खिळा ठोकला आणि फोटो लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते तो दाखवू लागले. लोक म्हणत, डोळे अगदी तुमचेच हो. बाबा खूश व्हायचे. आई त्या खोलीतून जाताना मान खाली घालायची.

असे काही महिने गेले. एका दुपारी बाबा झोपले असताना आई धाकटीजवळ येऊन बसली.

"ते पहिलं दाखव. खराब झालेलं."

धाकटीने बुरशी लागलेला फोटो पडद्यावर आणला. आई त्या पांढऱ्या जाळीकडे बघत राहिली. मग तिने डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले.

"आधी या डागातसुद्धा मला तो दिसायचा गं. सगळा. नाकाजवळ कांजण्यांचा एक व्रण होता, तोसुद्धा. आता तिथे तुझा तो येऊन बसतो."

"मी भिंतीवरून काढते, आई. आत्ता काढते."

"भिंतीवरचं काय घेऊन बसलीस? डोळे मिटले तरी तोच येतो. याला काढायचं कसं, ते सांग."

धाकटीने कॉम्प्युटरमधून आपण बनवलेला तो हसरा फोटो पुसला, आईला दाखवून पुसला. आईने नुसती मान हलवली. संध्याकाळी धाकटीने बाबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, ते भडकतील. पण खुर्चीवर चढून त्यांनी चौकट उतरवली आणि आपल्या कपाटात कपड्यांखाली ठेवली. फेकवली नाही त्यांच्याने. त्यांच्याजवळ दुसरा कुठला चेहरा नव्हताच.

त्यानंतर आईने कधी तो खराब फोटो दाखवायला सांगितलं नाही आणि माझं झाकणही कुणी उघडलं नाही. आई-बाबा जेवायला समोरासमोर बसतात. मीठ, पाणी, औषध, एवढंच बोलणं होतं.

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर एखादी पेटी असेल. बघवत नाही म्हणून कुणी ती बंद करून ठेवली असेल. ती खाली आणा. निगेटिव्ह ओलीपासून दूर, कोरड्या जागी ठेवा. माझ्यासारखा एखादा जुना स्कॅनर मिळाला तर त्यांना एकदा उजेड दाखवा. आणि एखादा चेहरा बुरशीने आधीच खाल्ला असेल, तर ज्यांनी तो पाहिला आहे त्यांच्याजवळ बसा, त्यांना बोलू द्या. व्रण कुठे होता, ते विचारा. आमच्या आईला हे कुणी वेळेवर विचारलं नाही. आता कुणी विचारलं, तर ती म्हणते, "उजवीकडे असेल. की डावीकडे?"