कोऱ्या पेपरची बाई

अकरा वर्षं तिने डबिंग स्टुडिओत पडेल ते काम केलं होतं. गर्दीतली कुजबुज, शेजारणीची हाक, तान्ह्या बाळाचं रडणं. त्यामुळे शाळेवरच्या एका जपानी ॲनिमे मालिकेतली वर्गशिक्षिका मिळाली, तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. पात्र दुय्यमच, भागाला चार-पाच वाक्यं. पण सव्वीसच्या सव्वीस भागांत!

"कार्टूनमध्ये बाई झालीस म्हणे?" सासूबाईंनी विचारलं. त्यांनी स्वतः तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं.

"कार्टून नाही हो आई, ॲनिमे."

"तेच ते. मुलं ऐकतात का तुझं?"

तिसऱ्या भागात घोडं अडलं. एक मुलगी गणिताचा कोरा पेपर देते आणि बाई म्हणतात, "पुन्हा लिही. मी थांबते." दिग्दर्शकाला हे खडसावून हवं होतं. नऊ टेक झाले, तरी वाक्य पडद्यावरच्या ओठांवर बसेना. शेवटी "उद्या बघू," म्हणून ते उठले.

संध्याकाळी भाजी चिरता चिरता ती तेच घोकत होती. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कोणावर एवढी डाफरतेस?"

तिने प्रसंग सांगितला.

"अगं, कोरा पेपर देणारी पोर आधीच अर्धमेली झालेली असते. ओरडणाऱ्या बाईला मुलं दोन दिवस भितात, तिसऱ्या दिवशी तिची नक्कल करतात."

"मग तुम्ही कसं म्हणाला असता?"

"फळ्यापाशी उभी राहून तर नक्कीच नाही. बाकापाशी गेले असते." त्या खरंच जवळ आल्या, किंचित वाकल्या. "पुन्हा लिही." मग जराशा थांबल्या. "मी थांबते."

सुरी तिच्या हातात तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने तो प्रसंग आधी आवाज बंद करून पाहिला. 'पुन्हा लिही' नंतर पडद्यावरच्या बाईंचे ओठ क्षणभर मिटलेलेच होते. काल सगळे मिळून ती जागा आवाजाने भरत बसले होते. ती माइकजवळ सरकली आणि हळूच बोलली. एका टेकमध्ये वाक्य चपखल बसलं.

काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाले, "हे खडसावणं नाही झालं."

"नाही," ती म्हणाली. "पण आता ती मुलगी पेपर लिहील."

त्यांनी ते दोनदा ऐकलं. मग मदतनिसाला सांगितलं, "पहिल्या दोन भागांतली बाईंची वाक्यं काढा. अशीच पुन्हा घेऊ." अकरा वर्षांत तिच्या आवाजासाठी कोणी काही बदललं नव्हतं.

तो भाग लागला तेव्हा सासूबाई चष्मा लावून टीव्हीसमोर बसल्या. भाग संपताच उठून त्यांनी आपल्या जुन्या मुख्याध्यापिकांना फोन लावला.

"आमची सूनबाई ऐकलीत का? छे हो, मी कसली शिकवतेय! मी एकदा म्हणून दाखवलं, एवढंच. माइकसमोर उभी कोण राहिली? तिचं तिनेच केलं!"

त्यानंतर आणखी चार फोन झाले. धुतलेले कपडे बादलीत तसेच पडले होते. पडू देत, म्हणत सूनबाई आतल्या खोलीत पाचही फोन कान देऊन ऐकत बसली.