नंदी तीन सेकंद उशिरा का बोलतो

नंदीनं मान हलवली आणि मांडवातली चारशे माणसं एका सुरात "हर हर महादेव!" म्हणाली.

प्रश्न विचारणारा ईट गावचा एक शेतकरी होता. त्याची म्हैस आठ दिवसांपासून बेपत्ता होती. "म्हैस जित्ती हाय का?" असं त्यानं विचारलं, नंदीनं तीनदा मान वरखाली केली, म्हणजे होय. म्हैस कुठं आहे ते नंदीनं सांगितलं नाही, कारण त्याला होय आणि नाही एवढंच येत होतं. तरी शेतकऱ्यानं दंडवत घातला आणि डोळे पुसत गेला. आता म्हैस सापडली नाही तर तो म्हशीचा दोष.

"हा नंदी तेरच्या पांढरीतून, जुन्या गावाच्या टेकाडातून निघाला आहे," वृषभानंद महाराज माइकवर म्हणाले. "दोन हजार वर्षं मातीत मौन धरून होता. शुद्ध पंचधातू! चार पैलवानांना हलत नाही. मागच्या जन्मी मी याचा गुराखी होतो, म्हणून हा माझंच ऐकतो."

यातलं 'हा माझंच ऐकतो' एवढंच खरं होतं, पण ते मला नंतर कळलं.

मी चैताली. येरमाळ्याच्या चौकात माझं मोटार-स्टार्टर दुरुस्तीचं दुकान आहे. असल्या मांडवात मी पाऊल टाकत नाही. आमच्या घरात आजोबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन देव्हारा काढला तो काढलाच. पण शेजारच्या बियाणांच्या दुकानातल्या शुभांगीवहिनी सकाळी सकाळी आल्या आणि माझ्या काउंटरला धरून उभ्या राहिल्या.

"ताई, तुमी चला. माझं कुणी ऐकंना. काल रातच्यापासून गौरीला सुई दिली न्हाय ह्यांनी."

गौरी त्यांची नऊ वर्षांची लेक. तिच्या शरीरात इन्सुलिन तयार होत नाही, म्हणून दिवसातून चार वेळा टोचून घ्यावं लागतं. धाराशिवच्या डॉक्टरांनी आईबापांना समोर बसवून सांगितलं होतं, हे बंद केलं तर पोरगी काही दिवसांची सोबती. पण महाराजांनी सांगितलं, कौलाला येताना अंगात औषध नको. गौरीचे वडील सिद्धारामअण्णा वाईट माणूस नाही. गळ्यात लिंग, दुकानात बसवेश्वरांचा फोटो, मापात कधी पाप नाही. लेकीला रोज चार वेळा टोचताना त्यांचा हात कापतो. म्हणूनच ते मांडवात आले होते. फसवणाऱ्याला दगडाच्या काळजाची माणसं उपयोगाची नसतात.

बायकांच्या बाजूला पुढच्याच रांगेत आम्ही बसलो. पलीकडं पुरुषांच्या रांगेत गौरी पाण्याची तिसरी बाटली पीत होती आणि अण्णा तिच्या पाठीवरून हात फिरवत होते.

पुढच्या प्रश्नाला नंदीनं पुन्हा मान हलवली, आणि या वेळी मी नीट बघितलं. तिसऱ्यांदा वर येताना मान किंचित अडकली, मग झटक्यानं वर गेली.

ती अडखळ मी ओळखली. आतल्या छोट्या मोटरीचा एक दाता झिजलेला आहे, म्हणून तसं होतं. मोटर मीच बसवली होती.

श्रावणात कुमार नावाचा एक माणूस दुकानात फायबरचा नंदी घेऊन आला होता. गणपती मंडळाचा हलता देखावा करायचाय म्हणाला. मुलं विचारणार, "मी पास होणार का?", कार्यकर्ता घंटा वाजवणार, मग नंदी मान हलवणार. मी मोटर, चिप आणि चार सेल बसवले आणि दोन बटनांचा रिमोट दिला. एक दाबलं की होय, दोन दाबलं की नाही. घंटा वाजवायला वेळ मिळावा म्हणून बटन दाबल्यावर चिपला तीन सेकंद थांबायला सांगितलं. तोच कुमार आता भगवी लुंगी नेसून महाराजांच्या शेजारी अंगारा वाटत होता.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगते. चिपला तोंड नसतं. आत काय चाललंय ते कळावं म्हणून आम्ही तिला बडबड करायला शिकवतो: बटन दाबलं की तसं सांग, मोटर फिरली की तसं सांग. ही बडबड लॅपटॉपवर वाचतात. पण मी विहिरीच्या काठावर बसून पंपाच्या पेट्या दुरुस्त करते, तिथं लॅपटॉप कुठं उघडू? म्हणून चिपला ब्लूटूथचा एक तुकडा जोडते आणि मोबाइलच्या टर्मिनल अ‍ॅपवर सगळं वाचते. काम झालं की बडबड बंद करायची असते. कुमार घाईत होता, मी विसरले.

मी पदराआड मोबाइल काढला आणि ब्लूटूथच्या यादीतल्या 'नंदी' या नावावर बोट ठेवलं. लगेच जोडला गेला. दोन हजार वर्षांच्या मौनानंतर त्यानं मला पहिली गोष्ट सांगितली ती अशी:

"नंदी तयार. बॅटरी ६१ टक्के."

तेवढ्यात कुमारनं अण्णांचं नाव पुकारलं. अण्णा लेकीला घेऊन पुढं गेले. महाराजांचा उजवा हात जपाच्या गोमुखीत होता. बाहेरून फक्त कापडी पिशवी दिसते, आत माळ आहे की आणखी काही, कोण बघणार?

"इन्सुलिन म्हणजे विष आहे, बाळ," महाराज म्हणाले. "साखर रक्तात नसते, ती मागच्या जन्मीची वासना असते. वासनेला सुई लागत नाही, व्हायब्रेशन लागतं. विचार नंदीला."

अण्णांनी हात जोडले. "देवा, लेकराची सुई बंद करू का?"

माझ्या हातात मोबाइलवर ओळ उमटली: "बटन १ दाबले. होय."

मी उभी राहिले आणि ओरडले, "आता हा होय म्हणेल!"

तीन सेकंद गेले. नंदीनं मान हलवली. होय.

मला वाटलं, जिंकले. पण मांडवात कुजबुज उठली, आणि महाराज गुरुपौर्णिमेला हसावं तसं हसले. "बघा! या माउलीच्या मुखातूनही नंदीच बोलला!"

मागून मथुराबाई आल्या आणि त्यांनी चक्क माझे पाय धरले. याच बाईंच्या पिठाच्या गिरणीची मोटर मी तीनदा दुरुस्त केली आहे. "पोरी, तुझ्यात बी आलं की गं! माझ्या गुडघ्याचं सांग."

त्याहून वाईट म्हणजे अण्णांचा चेहरा उजळला. "ताई, तुमीबी व्हय म्हणालाव. तुमचा तर इश्वास बी न्हाय. मग झालं की!"

पोरीच्या जिवावर उठलेला कौल मीच पक्का करून ठेवला होता. आता एकच गोष्ट उरली होती, आणि ती सांगायची मला लाज वाटत होती.

"अण्णा, हा नंदी मी बनवलाय," मी म्हणाले. "माझ्या दुकानात. श्रावणात."

"हिला बाहेर काढा!" कुमार धावला. "हे लोक देव मानत न्हायत!"

"देव मानते की नाही ते नंतर बघू. ह्याच्या पोटातले सेल मानते. अण्णा, उचला त्याला. खाली बघा."

सिद्धारामअण्णा पन्नास किलोची पोती उचलणारे. चार पैलवानांना न हलणारा नंदी म्हणून त्यांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला, पाय रोवले आणि पुरता जोर लावला. नंदी सुपासारखा वर आला आणि अण्णा मागच्या मागे बसले. नंदी मांडीवर उताणा पडला. पोटावर लेबल होतं. अण्णांनी ते मोठ्यानं वाचलं:

"चैताली इलेक्ट्रिकल्स, येरमाळा. दुरुस्तीसाठी संपर्क."

मी मोबाइल शुभांगीवहिनींच्या हातात दिला. गडबडीत महाराजांची मूठ गोमुखीत घट्ट आवळली गेली असावी.

"बटन दोन दाबले, न्हाय," वहिनींनी वाचलं. तीन सेकंदांनी अण्णांच्या मांडीवर उताण्या नंदीनं 'नाही' म्हणून मान हलवली.

"बटन दोन दाबले, न्हाय." नंदी पुन्हा नाही म्हणाला.

"बटन एक, व्हय." नंदी होय म्हणाला.

ईटचा शेतकरी हळूच उभा राहिला. "मग माझी म्हैस?"

शुभांगीवहिनी महाराजांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. काल रात्रीपासून या बाईचं घरात कोणी ऐकलं नव्हतं. "महाराज, हात भायेर काढा," त्या म्हणाल्या. महाराजांनी काढला नाही, तेव्हा त्यांनी गोमुखी हिसकली. आतून दोन बटनांचा रिमोट पडला. वहिनींनी तो उचलला आणि नवऱ्याकडं वळल्या.

"लेकराला सुई द्यायची का?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच एक नंबरचं बटन दाबलं.

एक, दोन, तीन. नंदीनं मान हलवली, तिसऱ्यांदा जराशी अडखळून.

"झाला कौल," वहिनी म्हणाल्या. "उठा आता."

अण्णा उठले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण हात कापत नव्हता. वहिनींनी पिशवीत सगळं आणलं होतं; गौरीचं बोट टोचून बघितलं तर साखर चारशे बारा. इंजेक्शन तिथंच मांडवात दिलं आणि तशीच गाडी काढून धाराशिवचा सरकारी दवाखाना गाठला. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी सांगितलं, मी इथं लिहीत नाही.

महाराज आणि कुमार यांच्यावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. पंचनाम्यात "नंदी, फायबरचा, एक" अशी नोंद आहे. साक्षीदारांत माझं नाव पहिलं. गावात काही जण अजून म्हणतात, बनवला तूच, मग दोषी तूच. अर्धं खरं आहे. देखावा म्हणून दिलेली वस्तू देव म्हणून बसेल, हा विचार मी केला नव्हता. आता नंदी, नाग, काहीही हलतं बनवलं की लेबल पोटाखाली नाही, कपाळावर लावते.

माझं सांगणं एवढंच आहे. देव माना, नका मानू, तो तुमचा प्रश्न. पण जीव पणाला लागलेला असताना कोणी चमत्कार दाखवला, तर आधी विचारा, बटन कुणाच्या हातात आहे? हात दाखवत नसेल तर उठा आणि दवाखान्यात जा.

गौरीनं हट्ट धरला म्हणून मी तिला वीतभर नंदी करून दिला. बडबड या वेळी मुद्दाम चालू ठेवली आहे. शाळा सुटल्यावर ती दुकानात येते, इंजेक्शनची वेळ झाली की नंदीला विचारते, "दुखंल का?" आणि स्वतःच दोन नंबरचं बटन दाबते. नंदी नाही म्हणतो.

"खोटं बोलायलाय," ती मला सांगते. "थोडं दुखतंय." आणि बाही वर करते.