बोरीवलीत गॅलिलिओवर खटला

बोरीवलीच्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी अभिरूप न्यायालय भरायचं. एखादा मोठा माणूस निवडायचा, स्टेजवर त्याच्यावर खटला चालवायचा आणि शेवटी लोकांनी हात वर करून निकाल द्यायचा. त्र्याऐंशी साली गॅलिलिओ होता. धर्मपीठापुढे गुडघे टेकणारा हा शास्त्रज्ञ भित्रा की शहाणा? फिर्यादी वकील मी, वनमाला, आणि आरोपी माझा नवरा सहदेव. घरी चालतं तेच स्टेजवर करताय, असं सगळे चिडवायचे.

भाषण मी झकास लिहिलं होतं. ‘कणा नसलेला माणूस’ असं त्या बिचाऱ्याला तीनदा म्हटलं होतं. घरात बसून दुसऱ्याला शूर व्हायला सांगण्याइतकं सोपं काम दुसरं नाही, पण तेव्हा ते कुठलं सुचायला!

मग सहदेवने घोळ घातला. जवळच्या मठातले बुवा नुसत्या मंत्राने होम पेटवायचे. सहदेव शाळेत विज्ञान शिकवतो. त्याने सोसायटीच्या आवारात मुलांना गोल बसवलं, औषधाच्या दुकानातली जांभळी पूड आणि ग्लिसरीन घेतलं आणि तोच होम मंत्राशिवाय पेटवून दाखवला. मुलांनी टाळ्या पिटल्या. बुवांच्या माणसांचा निरोप आला : गणपतीसमोर जाहीर माफी मागा.

सहदेव हसला. मीही हसले. पण खटल्याच्या दिवशी दुपारी पांढऱ्या सफारीतला एक माणूस आमच्या दारात उभा राहिला. आवाज इतका मऊ, की आधी चहाच विचारावासा वाटला.

“वहिनी, मुलगी कोणत्या शाळेत जाते हो?”

“आम्हाला मूलबाळ नाही,” मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

तो गॅलरीत वाळणाऱ्या फ्रॉककडे बघत राहिला.

“शेजारच्यांचा आहे,” मी म्हणाले. तो मान डोलावून गेला. आमची उत्तरा तेव्हा शेजारीच सागरगोटे खेळत होती.

हे ऐकून सहदेव पांढराफटक पडला. “माफी नाही मागणार मी,” तो म्हणाला.

“नको मागूस. पण ते शेवटचं वाक्य बोलू नकोस रे. तेवढं गाळ.”

पृथ्वी स्थिर आहे असं कबूल केल्यावर गॅलिलिओ हळूच पुटपुटला म्हणतात, ‘तरीही ती फिरतेच.’ आमच्या मंडपात त्या वाक्याचा अर्थ काय लागेल, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

संध्याकाळी पहिल्या रांगेत सफारीवाला बसला होता. दोन्ही बाजूंना त्याची माणसं. मी उत्तराला मागे, सतरंजीच्या टोकाला शेजारच्या शकुताईंजवळ बसवलं आणि बजावलं, आज मला आई म्हणून हाक मारायची नाही. तिने का म्हणून विचारलं. मी तिच्यावर ओरडले.

सहदेवने गुडघे टेकले. “पृथ्वी स्थिर आहे. मी चुकलो.” मग तो थांबला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं. मला त्याची इतकी माया आली, की हातातल्या भाषणाकडे बघवेना. शेवटचं वाक्य त्याने गाळलं. सफारीवाला हसून उठायला लागला. सुटलो, मला वाटलं.

“बाबा, विसरलास!” मागून आवाज आला. “तरीही ती फिरतेच!”

महिनाभर घरात तालमी ऐकून पोरीला सगळं पाठ झालं होतं. दोघंतिघं हसले आणि एकदम गप्प झाले.

सफारीवाला मागे वळला. “कुणाची गं तू?”

उत्तराने माझ्याकडे पाहिलं. मी बजावलं होतं ना! ओठ घट्ट मिटून, डोळ्यांत पाणी आणून ती नुसती उभी राहिली. शकुताईंनी मान खाली घातली. न्यायाधीश झालेले सीतारामकाका चष्मा पुसत बसले.

“माझी,” मी माइकवर म्हणाले. आवाज चिरकला. “माझी मुलगी आहे ती.”

सहदेव उठून माझ्या शेजारी आला. सफारीवाला पुन्हा खुर्चीत बसला, पायावर पाय टाकून.

“छान आहे,” तो म्हणाला. “किती वर्षांची?”



“आठ,” मी म्हणाले. “उत्तरा, ये इकडे, आईजवळ.”