पूजेतला पाना

माझा नवरा गाडी गॅरेजला देत नाही. त्याचं म्हणणं, गॅरेजवाला एक दुखणं काढतो आणि दोन घालून पाठवतो. राजूरच्या वरच्या अंगाला आमचं घर आहे. त्या घरापुढे महिन्यातून एकदा तरी आमची म्हातारी पांढरी गाडी पोट उघडून उभी असते आणि रविराज तिच्याखाली पाय बाहेर काढून पडलेला असतो. मोबाईलवर बघून शिकला, चुका करून शिकला, आणि शिकलेलं सगळं मला ऐकवत राहिला. मी भाकरी थापत असले तरी दारातून सांगणार, "रेश्मा, ऐक. चाक काढताना नट आधी ढिले करायचे, मग गाडी जॅकवर उचलायची. लावताना आधी हातानं लावायचे, गाडी खाली टेकवायची, आन् मग पान्यानं समोरासमोरचे फुलीवानी आवळायचे." मी म्हणायची, परीक्षा कधी हाय तेवढं सांगा.

परीक्षा दसऱ्याला झाली.

दसऱ्याच्या सकाळी या शहाण्याला मागच्या डाव्या चाकाचे ब्रेक लायनर बदलायचं सुचलं. आमच्या घरात दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. कोयता, विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आणि आता जॅक-पानेसुद्धा. सासूबाईंचा, म्हणजे बनुबाईंचा नेम असा, की एकदा हत्यार पूजेला मांडलं की संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. मी त्यांना आत्या म्हणते. आमच्या घरात देव एकवेळ ऐकेल, आत्या ऐकत नाहीत.

मी पुरण वाटत होते. ओट्यावरून आत्यांचा आवाज आला, "रव्या, पूजा मांडलीय. आन ते सगळं."

"आलोच. एवढं आवळून देतो."

"देव तुझ्या नटापायी थांबायचा न्हाई."

त्यांनी अंगणात जाऊन त्याच्या हातातला पाना काढून घेतला. चाळीशीला आलेला बाप्या, पण आईपुढे हात सैल सोडून उभा. मग त्याने गाडी धुतली, तिला झेंडूचा हार घातला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. तेवढ्यात शेजारचा पिकअपवाला हॉर्न वाजवायला लागला. टोमॅटोला दसरा नसतो. क्रेट भरून दोघं नारायणगावला निघून गेले. जाताना तो मला काही बोलला नाही, आणि मीही काही विचारलं नाही, कारण मला विचारायचं काही सुचलंच नव्हतं.

दुपारी मोनिकाला कळा सुरू झाल्या.

मोनिका माझी नणंद. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळ पायाळू होतं, पाय खाली आणि डोकं वर. संगमनेरच्या डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं, कळा आल्या की कुठेही न थांबता सरळ इकडे या, ऑपरेशनच करावं लागेल. अजून पंधरवडा आहे म्हणून आम्ही निवांत होतो. ॲम्ब्युलन्सला फोन लावला तर ती दुसऱ्या बाईला घेऊन पार लांब गेलेली. गाडी मला चालवता येते. दुधाचे कॅन डेअरीला मीच नेते. आत्यांनी मोनिकाला मागे घेतलं, तिचं डोकं मांडीवर ठेवलं आणि आम्ही निघालो.

राजुरात गॅरेजं बंद होती, शटरला आंब्याची तोरणं लावलेली. जो तो वाहनाला हार घालून मिरवत होता. गाव ओलांडलं आणि विठा घाटाच्या उतारावर मला पहिल्यांदा आवाज ऐकू आला. टक. टक. टक. मागून, खालून.

टायरमध्ये खडा रुतला असेल, म्हटलं. पण खड्याचा आवाज असा एकेका वळणाला वाढत नाही. मग नको नको म्हणत ऐकलेले सगळे धडे डोक्यात एकदम गोळा झाले. आवाज इंजिनाचा की चाकाचा हे कळायला क्लच दाबून बघायचा. इंजिनाचा असला तर बदलतो, चाकाचा असला तर चाकाबरोबरच चालतो. मी क्लच दाबला. टक टक टक. उजवीकडच्या वळणाला भार डाव्या चाकावर जातो, तिथे तो आवाज मोठा झाला आणि गाडीचं बूड हाललं.

मागचं डावं चाक. देव तुझ्या नटापायी थांबायचा न्हाई.

मी ब्रेक न दाबता गिअर खाली आणत आणत गाडी कठड्याच्या कडेला लावली.

"थांबलीस कशापायी?" आत्या म्हणाल्या. "डॉक्टरनं काय सांगितलंय? चल आधी."

"आत्या, चाक निघायला झालंय."

"काय बोलतीस?"

मी उतरून बघितलं. चाक बाहेरच्या अंगाला कललं होतं. चारातले दोन नट पडून गेले होते. उरलेले दोन बोल्टांच्या टोकाला आले होते. रिकाम्या बोल्टांपैकी एकाचे आटे चाकाने घासून पार खाल्ले होते. अजून दोन-तीन वळणं गेलो असतो तर चाक एकीकडे आणि आम्ही कठड्यापलीकडे. मला रविराजचा असा संताप आला, की तो समोर असता तर मी त्याला त्याच्या त्या गाडीखालीच पुन्हा घातलं असतं.

डिकी उघडली. स्टेपनी होती. जॅक नव्हता, पाना नव्हता. असणार कुठून? दोन्ही घरी पाटावर हळदकुंकू लावून बसले होते. फोनला रेंज नव्हती. उरलेले नट मी बोटांनी फिरवले, बोटं सोलली, पण बोटांनी किती आवळणार.

दोन मोटारसायकली एकामागून एक येऊन थांबल्या. करण नावाचा एक पोरगा आणि त्याचे मित्र. भली पोरं होती. सीट उचलून बघितली आणि करण ओशाळून म्हणाला, "वैनी, आमचं पण सगळं घरीच. पूजेला."

अख्ख्या तालुक्यात त्या दिवशी पाना सापडायचा तर देवापुढेच.

मोनिकाला आत झोपवेना. तिला कठड्याला धरून उभं केलं होतं. कळ आली की ती वाकायची, आणि तोंडातून आवाज काढायची नाही. तिचं ते गप्प राहणं मला बघवत नव्हतं. आत्या तिची कंबर चोळत होत्या आणि रस्त्याकडे बघत होत्या.

मग वरून ट्रॅक्टर आला. रिकामी ट्रॉली, बॉनेटला झेंडूच्या माळा. चालवणारा पन्नाशीतला माणूस होता, गोरक्षनाथ नाव. मोनिकाकडे बघून त्याने काही न विचारता ट्रॅक्टर बंद केला.

"पाना हाय का दादा?" मी म्हटलं. "एकोणीसचा."

त्याने सीटखालची पेटी उघडली. पाने होते. ओळीने मांडलेले, लाल नाड्याने एकत्र बांधलेले, वर हळदकुंकू आणि फुलं. मी हात पुढे केला. त्याने झाकण खाली घेतलं.

"ती हत्यारं पूजेतली हायेत. आज उचलता यायची न्हाईत, ताई."

"दादा, बाळ पायाळू हाय."

"मला दिसतंय ना. बाईला ट्रॉलीत घ्या, खाली गोधडी घालू. मी अकोल्यापत्तुर सोडतो."

"ट्रॉलीत हादरे बसतील. आन् संगमनेरला कवा पोचायचं?"

तो वाईट माणूस नव्हता. त्याचा चेहरा उतरला होता. "माझ्या भावानं दसऱ्यालाच पूजेतली कुऱ्हाड काढली हुती," तो हळू म्हणाला. "त्याच रातीला ट्रॅक्टर त्याच्या अंगावर उलटला. आमी तवापासून हात लावत न्हाई. तुमाला काय वाटंल ते वाटू द्या."

मेलेल्या भावाशी वाद घालता येत नाही. मला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडायचं कुणावर ते कळत नव्हतं.

"आई," मोनिका म्हणाली. "पानी गेलं."

तिच्या पायाशी रस्ता ओला झाला होता.

आत्यांनी तिचा हात माझ्या हातात दिला. लुगडं खोचलं, ट्रॅक्टरच्या पायरीवर पाय ठेवला आणि वर चढल्या. साठी उलटलेली बाई. झाकण उघडून पान्यांची ती मोळी उचलली. नाडा सुटेना, तेव्हा दातांनी तोडला.

"दादा, तुमी बगितलं न्हाई," त्या म्हणाल्या. "देवानं इचारलं तर सांगा, बनुबाईनं काढलं. काय करायचं ते मला करंल."

गोरक्षनाथने तोंड फिरवलं. मग खाली उतरला, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि म्हणाला, "गाडी कुठून उचलायची?"

कपाळाला हात लावून बसायला वेळ नव्हता. मी पोरांना चाकांखाली दगड लावायला सांगितलं, हँडब्रेक ओढला. उजव्या मागच्या चाकाचा एक नट काढायचा होता. जमिनीवर असतानाच, गाडी न उचलता. तो रविराजने कधी आवळला होता कुणास ठाऊक, हलेना. मी पान्यावर पाय देऊन उभी राहिले तेव्हा कुठे कुरकुरत सुटला. एका चाकाला तीन नट असले तरी गाडी सावकाश नेता येते, हाही त्याचाच धडा. तो सांगताना मी जांभई दिली होती.

करण, त्याचे मित्र आणि गोरक्षनाथ यांनी गाडीचा मागचा कोपरा धरून वर घेतला. मी चाक दोन्ही हातांनी आत दाबून बसवलं, तिन्ही नट बोटांनी लावले. "सोडा," म्हटलं. मग पाना. एकदम एकच आवळायचा नाही. थोडा हा, थोडा तो, मग तिसरा, पुन्हा पहिला. शेवटचा जोर गोरक्षनाथने लावला.

मी पाना परत द्यायला गेले तर त्याने घेतला नाही. "ऱ्हाऊ द्या. थोडं चाललं की नट परत बगावं लागत्यात."

अकोलं गेलं तोवर मोनिका ओरडायला लागली होती. आता ती गप्प नव्हती, आणि तेही ऐकवत नव्हतं. रस्ता सपाट, गाडी नीट, आवाज नाही. माझा पाय ॲक्सिलरेटर सोडायला तयार नव्हता. नट परत बगावं लागत्यात. बघितलं नाही तर काय होईल, चाललंय ना. सकाळी आमच्या अंगणातही कुणाला तरी असंच वाटलं असणार.

मी चिंचेखाली गाडी थांबवली.

"आता काय?" आत्या किंचाळल्या. "रेश्मे, बाळाचा पाय लागतोय तिला, पाय. चल."

"बसा आत," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या आवाजात बोलले.

पाना लावला. पहिला नट घट्ट. दुसरा घट्ट. तिसरा अर्धा फेरा फिरला. तिन्ही पुन्हा आवळून मी बसले आणि मग मागे वळूनही बघितलं नाही, संगमनेर येईपर्यंत.

दवाखान्याच्या दारात मोनिकाला स्ट्रेचरवर घेतलं आणि आत नेलं. दार लागलं. बाहेरच्या बाकावर बसते न बसते तोच माझा फोन वाजला. रविराज. आवाज फाटलेला. "रेश्मा, किती येळ फोन लावतोय मी. गाडी काढू नको. डाव्या चाकाचे नट मी नुसते हातानं—"

"काढली," मी म्हटलं. "पोचलो." आणि फोन ठेवला. वाटभर साठवलेल्या शिव्या होत्या, पण दार बंद असताना त्या देता येईनात.

आत्या पाना मांडीवर धरून बसल्या होत्या.

मुलगी झाली. मोनिका शुद्धीवर यायची होती, पण धोका नव्हता. नर्सबाई कपड्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन बाहेर आल्या आणि आत्यांपुढे धरलं. आत्यांनी हात पुढे केले आणि तसेच मागे घेतले. ग्रीस, माती, कुंकू, सगळं त्यांच्या बोटांना लागलेलं. "रेश्मे, तू घे," म्हणाल्या. माझे हात त्यांच्यापेक्षा काळे होते, वर नखाजवळ रक्त.

"काय हो हे," नर्सबाई म्हणाल्या. "हात धुऊन या दोघी."

कोपऱ्यातल्या बेसिनवर आम्ही शेजारी उभ्या राहिलो. साबणाने काही ते निघेना. आत्या बराच वेळ एकच बोट चोळत होत्या.

"मी रव्याचा हात धरला नसता तर," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या.

आता मी काय म्हणायला हवं ते मला पाठ होतं. तसं काही नाही आत्या, देवाची कृपा, तुमची काय चूक. त्या घरात येऊन पंधरा वर्षं मी हेच म्हणत आले होते. पण माझ्या डोळ्यांपुढे तो कठडा होता.

"व्हय," मी म्हटलं. "तुमच्यामुळं झालं. तुमच्यामुळं आन् त्यांच्यामुळं. आज तिघीबी गेलो असतो."

आत्यांनी नळ बंद केला. मला वाटलं, आता घर मोडलं.

"चौगी," त्या म्हणाल्या. "बाळ धरून."

मग माझा हात ओढून घेतला, सोललेलं बोट सोडून बाकीच्या बोटांना साबण लावला आणि लहान पोरीचे धुवावेत तसे माझे हात धुवायला लागल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायला त्यांचे हात मोकळे नव्हते. मी माझ्या पदराने पुसलं.