कीथ, अंडं गार होतंय!

नोव्हेंबरात स्कारबरोच्या किनाऱ्यावर असा वारा सुटतो की पोरांना फिरवणारी गाढवंसुद्धा मालक गावात नेऊन बांधतो. हॉटेलं ओस पडतात. समुद्रासमोरचं एक जुनं हॉटेल मात्र त्या दिवसांत एकदा गजबजतं. चांगली पोक्त माणसं, कुणी शाळामास्तर, कुणी नळदुरुस्तीवाला, अंगात हमालाचे तपकिरी डगले आणि डोक्यावर चपट्या टोप्या घालून जिन्यांतून वरखाली करत असतात. दोघं समोरासमोर आले की एक विचारतो, "जड टोक कुणाकडे?" दुसऱ्यानं कमरेवर हात ठेवून कण्हायचं, "माझ्याकडेच, दुसरं कोण आहे!"

ही सगळी 'जड टोक तुझ्याकडे' या मालिकेची भक्तमंडळी. रंगीत टीव्ही अजून शेजाऱ्याकडेच असायचा, त्या काळातली ती मालिका. बर्ट आणि सिडनी हे मेहुणे-मेहुणे अंतराळात लोकांचं घरसामान हलवायचा धंदा करतात. या ग्रहावरचा पियानो त्या ग्रहावर, कुणाचा बाथटब चंद्रावर. त्यांच्या यानात पहिल्या भागापासून एक कुलूपबंद कपाट पडून असतं. मालक ते घ्यायला येत नाही, आणि कपाट बाईच्या आवाजात बोलतं. नुसतं बोलत नाही, चांगलं फटकळ बोलतं.

या मेळाव्यात हॅलिफॅक्सच्या एनिड अ‍ॅक्रॉइडला मान होता. ऐंशीच्या पुढची बाई, सगळी उमर टॉफीच्या कारखान्यात गोळ्यांना कागद गुंडाळण्यात गेलेली. तिनं ही मालिका कधी धड पाहिली नव्हती. तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर तिचं नावही नसायचं. त्यावर लिहिलेलं असायचं, 'कीथची आई'.

त्याचं असं झालं. मालिका संपल्यावर वाहिनीनं जुन्या फिती पुसून त्यांच्यावर दुसरं काहीबाही भरलं. तेव्हा सगळेच तसं करत. त्यात या मालिकेचा शेवटचा भाग गेला. मागे उरला फक्त आवाज, तोही एनिडच्या घरातला. तिच्या कीथनं लहानपणी टीव्हीसमोर उशीवर टेपरेकॉर्डर ठेवून तो भाग उतरवून घेतला होता. पुढे कीथला मिसरूड फुटली, मालिका पोरकट वाटायला लागली आणि कॅसेटी माळ्यावर गेल्या. बऱ्याच वर्षांनी लायनेल थॅकरे नावाच्या एका बस इन्स्पेक्टरनं पेपरात छापून आणलं, कुणाकडे काही असेल तर द्या हो. एनिड खोकं मांडीवर घेऊन दोन बस बदलून त्याच्या दारात गेली. कॅसेट ऐकताना लायनेल रडला म्हणतात.

त्या भागाच्या शेवटी बर्ट कंटाळून कपाटाला विचारतो, "अगं बाई, पण तुझ्या आत आहे तरी काय?" कपाट एक लांब सुस्कारा सोडतं. म्हणतं, "आत ना..."

आणि तेवढ्यात कॅसेटवर स्वयंपाकघरातून एनिड ओरडते, "कीथ! अंडं गार होतंय!"

"आलो गं!" कीथचा वैतागलेला आवाज. त्याच्या पाठीमागे स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांच्या हसण्याचा नुसता गडगडाट. हसू ओसरल्यावर बर्टचं एवढंच वाक्य ऐकू येतं, "मग हे आधी नाही का सांगायचं!" टाळ्या. मालिका संपली.

एवढे लोक हसले म्हणजे कपाट काहीतरी जबरदस्त बोललं असणार, यावर सगळ्यांचं एकमत होतं. काय बोललं ते मात्र, लहानपणी पाहिलेलं असूनही, कुणाला धड आठवत नव्हतं आणि कुणाचं कुणाशी पटत नव्हतं. कुणी म्हणे आत मालकच बसलाय. हल गावचा एक गृहस्थ म्हणे, ते कपाट नव्हतंच, एका ग्रहाची पदच्युत राणी होती. त्यानं त्यावर मंडळाच्या पत्रिकेत वर्षभर लेख लिहिले आणि विरोधात बोलणाऱ्या सख्ख्या मित्राशी बोलणं टाकलं. एक जोडपं या वादात एकाच बाजूला निघालं म्हणून लग्न करून मोकळं झालं.

मेळाव्यात दरवर्षी ती कॅसेट लावत. एनिड पडद्याशेजारी खुर्चीवर बसायची, पुढे ॲप्रन, हातात उलथनं. "आत ना" झालं की ती उठून खणखणीत ओरडायची, आणि सगळं सभागृह एका सुरात उत्तर द्यायचं, "आलो गं!" मग पोरी तिच्याबरोबर फोटो काढून घेत. जेवताना कुणी तिला एकटं बसू देत नसे. हॅलिफॅक्सला तिच्या गल्लीत जुनं माणूस एकही उरलं नव्हतं. तिथे ती फक्त कचऱ्याचा डबा वेळेवर बाहेर ठेवणारी म्हातारी होती.

एका वर्षी उन्हाळ्यात लायनेलचा फोन आला.

"एनिड, बसला आहात ना? फिल्म सापडली! दूर देशी कधीकाळी विकलेली प्रत. तिथल्या एका गोदामात पडून होती. शेवटचा भाग, चित्रासकट!"

"अरे वा! चांगलं झालं की, बाळा."

"नोव्हेंबरात दाखवणार. तुम्ही यायचंच. पहिल्या रांगेत खुर्ची." लायनेल जरा घुटमळला. "फक्त यंदा ते... ओरडायचं तेवढं नको. राग मानू नका. एकदाच, नुसतं एकदाच आम्हाला शांतपणे ऐकायचंय."

"राग कसला त्यात," एनिड म्हणाली, आणि फोन ठेवून तिनं कीथचा नंबर फिरवला.

कीथ आता लीड्समध्ये लोकांना स्वयंपाकघरातले ओटे आणि कपाटं बसवून देत असे. आई त्या मेळाव्यांना जाते हे तो गिऱ्हाइकांना कळू देत नसे. स्वतः तो एकदाही गेला नव्हता. त्यानं तिची बातमी ऐकून घेतली आणि म्हणाला, "आई, सरळच विचारतो. आता त्यांना खरी फिल्म मिळाली. तुझं तिथे काय काम उरलं?"

"तेच बघायला जायचंय," एनिड म्हणाली. "गाडीनं सोड मला. यॉर्कला आगगाडी बदलताना गुडघे बोलतात माझे."

"आणि तासभर मी काय करू? समुद्र बघू?"

"आत बसून भाग बघ. सुरुवात तरी तूच केली होतीस."

नोव्हेंबरात कीथ गाडी घेऊन तिला न्यायला आला. ॲप्रन तिनं घडी करून पर्समध्ये ठेवला होता. उलथनं घरीच ठेवलं होतं.

हॉटेलात त्या दिवशी दोन तट पडलेले होते. एक कपाटवाले. त्यांना उत्तर हवं होतं. दुसरे अंडेवाले. त्यांचं म्हणणं, उत्तर कळलं की मालिका खऱ्या अर्थानं संपेल, मग पुढच्या वर्षी जमून करायचं काय? अंडेवाल्यांची पुढारी ब्रायनी नावाची दातांची डॉक्टर होती. तिनं डगल्यावर तळलेल्या अंड्याएवढा पिवळा बिल्ला लावला होता.

"कीथच्या आई, तुम्ही ओरडाच," ती एनिडच्या कानाशी लागली. "लायनेल काय करेल? बाहेर काढेल?"

"मी शब्द दिलाय गं."

"आणि हे कोण?"

एनिडनं मागे पाहिलं. कीथ डोळ्यांनीच नको नको म्हणत होता. "हा माझा ड्रायव्हर," ती म्हणाली.

कीथ सगळ्यांत मागे, दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसला. लायनेल पडद्यापुढे उभा राहिला. त्यानं डगल्याला इस्त्री केली होती.

"मंडळी, या क्षणासाठी आपल्यातले कितीक जण वाट बघत बघत गेले. तेव्हा कपाट बोलायला लागलं की कुणी ओरडायचं नाही, खोकायचं नाही. वॉल्टर, तुझ्या श्वासाची शिट्टी वाजते, तू मागे बस."

"मी श्वास धरून ठेवतो!"

"धर. पण मागे बसून धर."

दिवे गेले. फिल्म करड्या रंगाची, कोपऱ्यात ओरखडे. पण बर्ट दिसत होता, सिडनी दिसत होता, आणि या भागात इतकी वर्षं नुसतं ऐकू येणारं ते यान, पुठ्ठ्याचं, रंग उडालेलं, दाराची कडी चक्क घराच्या दाराची. लोक प्रत्येक विनोदाला हसत होते, बोलणारा बोलायच्या आधीच. एनिड पर्स मांडीवर धरून बसली होती. तिला गोष्ट नीटशी कळत नव्हती. कॅसेटवर तिच्या स्वयंपाकघरातली भांडी कुठे वाजायची तेवढं मात्र पाठ होतं. इथे ती वाजली नाहीत.

शेवटचा प्रसंग आला. बर्ट कपाटासमोर उभा राहिला. त्याच्या मागे सिडनी एकटाच पियानो ढकलत उलटा उलटा येत होता.

"अगं बाई, पण तुझ्या आत आहे तरी काय?"

सुस्कारा. सभागृहात कुणी पापणी लववेना. मागे वॉल्टरचा श्वास खरंच थांबला होता.

"आत ना..."

आणि सिडनीचा पाय यानाच्या जमिनीतल्या उघड्या भोकात पडला. तो खाली गेला, त्याच्यामागून पियानो गेला, आणि स्टुडिओतल्या प्रेक्षकांत हशाचा असा स्फोट झाला की कपाट पुढे काय बोललं ते कुणालाच ऐकू आलं नाही. हसू ओसरलं. बर्ट म्हणाला, "मग हे आधी नाही का सांगायचं!" टाळ्या. फिल्म संपली.

दिवे लागले.

"पुन्हा लाव," कुणीतरी म्हणालं.

पुन्हा लावलं. सिडनी पडला, लोक हसले. आवाज वाढवून पाहिला, तर हसू वाढलं. हलचा गृहस्थ पडद्याला नाक लावून उभा राहिला.

"ओठ वाचता येतात का बघा ना," एक बाई म्हणाली.

"ताई, कपाट आहे ते! त्याला ओठ कुठले?"

लायनेल खुर्चीवर बसला. त्याच्या इस्त्रीच्या डगल्यात तो एकदम लहान दिसायला लागला. "म्हणजे ते हसू कपाटाला नव्हतंच," तो स्वतःशीच म्हणाला. "ते पियानोला होतं. आपण सगळे पियानोला हसलेल्या हसण्यावर..."

"आणि खापर बिचाऱ्या कीथच्या आईवर!" ब्रायनी उभी राहिली. "ती ओरडली नसती तरी हेच होतं!"

हसायचं की रडायचं हे सभागृहाला ठरवता येईना. मग वॉल्टरनं धरून ठेवलेला श्वास एकदम सोडला, त्याची शिट्टी वाजली, आणि सगळेच फुटले. हलचा गृहस्थही हसला. ज्याच्याशी बोलणं टाकलं होतं त्याच्या खांद्यावर डोकं टेकून हसला.

हसणं निवल्यावर लायनेल उठून एनिडपाशी आला. टोपी काढून हातात धरली.

"एनिड, मी काही मागावं असं तोंड नाही मला. पण ती जागा रिकामीच आहे हो. तुमच्याशिवाय तिथे कुणीच काही बोलत नाही."

एनिडनं त्याच्याकडे पाहिलं. मग पर्स उघडली आणि ॲप्रन झटकून बांधायला घेतला. मागची नाडी ब्रायनीनं बांधली.

"उलथनं नाही आणलं मी."

"स्वयंपाकघरातून आणतो," लायनेल म्हणाला आणि स्वतः पळाला. त्याला जो सापडला तो आमटी वाढायचा मोठा डाव होता. तोच तिनं हातात घेतला.

तिसऱ्यांदा दिवे गेले. बर्टनं विचारलं. कपाटानं सुस्कारा सोडला. "आत ना..." सिडनीचा पाय भोकात पडला, आणि एनिड त्या सगळ्या हसण्याच्या वर जाऊन ओरडली, "कीथ! अंडं गार होतंय!"

सगळं सभागृह उत्तरासाठी श्वास घेत होतं. त्याच्या निमिषभर आधी मागून, दाराजवळून, एक जाडसर, वैतागलेला, पन्नाशी उलटलेला आवाज आला, "आलो गं!"

मग बाकीच्यांचा लोंढा आला आणि तो आवाज त्यात बुडाला. काहींनी मान वळवून मागे पाहिलं. तिथे एनिडचा ड्रायव्हर बुटाची नाडी बांधत होता.

परतताना अंधारून आलं होतं. गाडी चढावर लागल्यावर कीथ म्हणाला, "मागे कुणीतरी ओरडलं ना, आधीच? माझ्या शेजारचा होता तो. येडाच दिसला."

"असेल," एनिड म्हणाली.

"पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलंय का तुला?"

"बोलावलंय. डाव जड पडतो, उलथनं आणा म्हणाले."

कीथनं आरसा उगाच सारखा केला. "यॉर्कला गाडी बदलायला त्रास होतो म्हणालीस ना," तो म्हणाला. "मग मलाच यावं लागणार."