सत्याहत्तरच्या शेजारी अठ्ठ्याहत्तर

दातांच्या दवाखान्यात आत्या फुगलेला गाल धरून बसली होती. हातात टोकन सत्याहत्तर. सोबतीला भाची. ही चष्म्याच्या काचा घासायची, आणि आकडा दिसला की गुणाकारात फोडायची. आतल्या न फुटणाऱ्या बिया वेचायच्या, त्यांची बेरीज करायची, ती बेरीज पुन्हा फोडायची, फुटेनाशी होईपर्यंत. खोड आत्यानंच लावलेली, पाळण्यापासून, गाण्यासकट:

फोड गं बाई, फोड गं फोड,
बी बी वेच नि बेरीज जोड.

"सात गुणिले अकरा," भाची पुटपुटली. "बेरीज अठरा."

"अठरा," शेजारूनही त्याच क्षणी आलं.

शेजारी एक घड्याळजी होता, टोकन अठ्ठ्याहत्तर. "दोन, तीन आणि तेरा," तो चोरी पकडली गेल्यासारखा म्हणाला. "सवय आहे."

भाची काचा घासायची थांबून त्याच्याकडे वळून बसली. असं पुटपुटणारं दुसरं माणूस तिला आजवर भेटलं नव्हतं. आणि आता आत्याचा नंबर लागणार, मग याचा, की हा गेलाच.

"अठराचं पुढं काय?" तिनं घाईघाईनं विचारलं.

"दोन नि तीन. पाच."

"आठ. तीन दोनदा आहे त्यात."

"आमच्या घरी दोनदा आलेल्याला एकदाच मोजतात."

"म्हणजे जुळ्यांना एकच ताट?"

"घ्या," आत्या गालातल्या गालात कण्हली. "जमायच्या आधीच मोडलं."

कंपाउंडरनं दार उघडलं. "सत्याहत्तर."

"थांबा हो जरा. दात कुठं पळून जातोय?" आत्या जागची हलली नाही.

भाची बोटं नाचवत होती. "आठ म्हणजे दोन, दोन, दोन. झाले सहा. सहा म्हणजे दोन नि तीन..." ती थबकली. "पाच."

"आणि पाच फुटत नाही," घड्याळजी हळूच म्हणाला. "तुम्ही तीन उड्या मारून आलात. मी आधीच येऊन वाट बघत होतो."

तिला हसू आवरेना. ओढणी तोंडात कोंबली तरी ते खांद्यांतून सांडत राहिलं.

"अठ्ठ्याहत्तर," कंपाउंडर म्हणाला. ऐकायला होतंच कोण?

"वीस घ्या," ती म्हणाली. "माझे नऊ, मग सहा, मग पाच."

"माझे सरळ सात. सातही फुटत नाही."

"मग इथं आपलं कायमचं भांडण."

"कायमचं?" त्यानं फार आशेनं विचारलं.

"वीस आहे तोवर."

"एकोणऐंशी," कंपाउंडर वैतागला.

"तो फुटतच नाही," दोघं एकदम म्हणाले. एकोणऐंशीवाले आजोबा दचकून स्वतःचा जबडा चाचपत आत गेले.

"नंबर चुकवला त्यांनी उद्या यायचं," कंपाउंडरनं बजावलं.

घड्याळजी उठेचना. "उद्या मी कुठलं टोकन घेऊ?"

"आत्याच्या पुढचं," भाची म्हणाली. "कुठलंही असलं तरी."

आत्यानं दोन्ही हातांनी गाल धरला. "दुखतंय माझं," ती म्हणाली, "आणि जमतंय यांचं."